कप्तानाच्या कोटाची काजं

नाटक कंपनीत त्यांना सगळे टाकेबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी राजे, भिकारी, वकील सगळ्यांचे कपडे शिवले आणि रंगमंचावर एकाचीही शिवण उसवली नाही. खोड एकच. माणूस कळल्याशिवाय त्यांची कात्री कापडाला लागायची नाही.

नव्या नाटकातला समुद्री चाच्यांचा कप्तान काही केल्या त्यांना कळेना. जहाजं लुटतो, माणसं समुद्रात ढकलतो, आगापीछा काही नाही. "खलनायक आहे तो. त्याला कशाला हवेत आईबाप?" दिग्दर्शक म्हणाला. टाकेबाईंनी हे या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं आणि माप घेताना नटालाच धरलं.

"लुटलेल्या जहाजावर हा आधी कपड्यांच्या पेट्या का उघडतो रे?"

"सोनं शोधत असेल, मावशी."

"सोनं शोधणारा सगळं भिरकावतो. हा एक घडी मोडत नाही. याच्या घरात कुणीतरी शिवणारं होतं बघ."

नट हसला. टाकेबाईंनी मात्र त्या दिवशी कापड कापलं.

टाकेबाईंच्या चष्म्याचा नंबर वाढल्यापासून दिग्दर्शक कपडे भाड्याने आणायचं बोलत होता. एक चूक झाली की कपडेपटाला कुलूप, हे त्या जाणून होत्या. आणि रंगीत तालमीला तीच झाली. नट कोटाची बटणं लावायला गेला आणि बोटं अडखळली. काजं उजवीकडे, बटणं डावीकडे, बायकांच्या कपड्यांना असतात तशी. आदल्या आठवड्यात राणीच्या दासींची बारा जाकिटं शिवली होती, हाताला तेच वळण पडलेलं.

नटाने खाली पाहिलं. मग एकेक बटण चाचपडत लावलं, आणि ज्या वाक्याला रोज घसा फोडायचा ते हळूच म्हणाला, "पेट्या वर आणा."

दिग्दर्शक उठून रंगमंचाजवळ आला.

"बाईचा कोट?" दिग्दर्शकाने विचारलं.

"आईचा," नट म्हणाला. "ती शिवायची. तिची पेटी कुठल्यातरी जहाजावरून गेली. हा सोनं शोधत नाही, तिचे बाकीचे कपडे शोधतोय. मावशींमुळे सुचलं."

"टाकेबाई, काय डोकं चालवलंत! मुद्दाम केलंत ना?"

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. भल्याभल्यांनी हलवली असती. टाकेबाई उठल्या.

"नाही. चुकलं माझं. पण कोट त्याच्या आईचाच आहे, आता बदलू नका."

दिग्दर्शकाने कोट उलटसुलट करून पाहिला.

"पुढच्या नाटकाचं कापड सोमवारी येईल," तो म्हणाला. "एका न्यायाधीशाचा झगा आहे."

"कापड येऊ दे सावकाश," टाकेबाई म्हणाल्या. "माणूस कसा आहे, ते आधी सांगा."