विमरबाईंचा गोठा

स्वरूपा मोहोळकर परभणीला शिकून जनावरांची डॉक्टर झाली आणि लग्न करून रेगेन्सबर्गला आली. नवरा हृषिकेश तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिची पदवी जर्मनीत चालेना. बरीच खटपट करून शेवटी मांसासाठी गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या संघटनेत तिला नोकरी लागली. सभासदांचे फोन घ्यायचे, कुणाला वळू हवा असला तर तो कुणाकडे मिळेल ते सांगायचं, वर्षाचा विक्रीमेळावा भरवायचा, असं काम.

"कुठे नोकरी करतेस गं?" असं पुण्याहून सासूबाईंनी विचारलं, तेव्हा ती "शेतकऱ्यांच्या संस्थेत, आई," एवढंच म्हणाली. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

सभासदांमध्ये क्रेसेन्झ विमर नावाची एक विधवा होती. चेक सरहद्दीजवळच्या गावात एकटी राहायची आणि तांबडी-पांढरी गुरं पाळायची. तिची बोली इतकी ठसकेबाज, की सुरुवातीला स्वरूपाला त्यातलं अर्धंही कळत नसे. पण एकदा ऑफिसच्या कामासाठी ती तिथे गेली असताना एक गाय अडली. गावचा डॉक्टर दुसरीकडे गेलेला. स्वरूपाने बाह्या सारल्या आणि विमरबाईंच्या मदतीने वासरू ओढून काढलं. कालवड होती, तोंड पांढरंशुभ्र. त्या दिवशी तिला पदवीबद्दल कुणी विचारलं नाही. घरी परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती.

दोन हजार सालच्या अखेरीला जर्मनीतल्या गाईंमध्ये 'मॅड काऊ' हा मेंदूचा रोग सापडला आणि लोकांनी गोमांस खाणं सोडलं. ऑफिसातला फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. "आमची गुरं कुरणात चरतात, आमच्याकडे भीती नाही," असं संघटनेचे अध्यक्ष श्टाडलर पेपरवाल्यांना छातीठोकपणे सांगत होते. हिवाळा सरायच्या आत विमरबाईंनी कत्तलखान्यात पाठवलेल्या एका म्हाताऱ्या गाईची तपासणी झाली. तिच्यात रोग निघाला. गोठ्यातली बाकीची सगळी गुरंही मारायची, असा हुकूम आला.

श्टाडलरनी तातडीची सभा बोलावली. विमरबाईंनी आपण होऊन सभासदत्व सोडावं, म्हणजे संघटनेचं नाव खराब होणार नाही, असं त्यांनी सुचवलं.

स्वरूपाला राहवलं नाही. "त्यांची चूक काय? बाहेरून आणलेल्या खाद्यातून आलं असेल. तेच खाद्य तुम्हीही घेतलंत."

"चूक कुणी म्हणतंय का, फ्राऊ मोहोळकर? पण आमच्या गुरांकडे आज गिऱ्हाईक फिरकत नाही."

हात वर झाले. विमरबाईंच्या वळूवर ज्यांचे कळप वाढले होते, त्यांचेही झाले.

"तुम्हीच फोन करा त्यांना," श्टाडलर म्हणाले. "तुमचं ऐकतात त्या."

तिने फोन केला. विमरबाई म्हणाल्या, "बरं. ठीक आहे. गुरुवारी न्यायला गाड्या येणार आहेत. तुम्ही याल का? अनोळखी माणसं बघून माझी गुरं बिथरतात."

"तू तिथे जाऊन काय थांबवणार आहेस?" हृषिकेशने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि बूट चढवून निघाली.

फाटकाशी पांढरे झगे घातलेली माणसं उभी होती. शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद. विमरबाईंनी धुतलेला एप्रन बांधला होता आणि खिशात रोजच्यासारखे पावाचे तुकडे घेतले होते. एकेकीला नावाने हाक मारत त्या पुढे चालल्या आणि पावाच्या वासाने गाई त्यांच्यामागून गाडीत चढत गेल्या. पांढऱ्या तोंडाची कालवड मात्र फळीपाशी अडून बसली. एकाने काठी उगारली, तसं स्वरूपाने त्याला थांबवलं. कालवडीच्या मानेवर हात ठेवून ती हळूहळू बोलत राहिली. मराठीतच बोलत होती. कालवडीने तिचा हात हुंगला आणि ती निमूट वर चढली.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. त्या कळपातल्या दुसऱ्या एकाही जनावरात रोग नव्हता. "वाईट झालं," श्टाडलर म्हणाले आणि मेळावा रद्द करण्याविषयी बोलू लागले. स्वरूपाने त्याच महिन्यात नोकरी सोडली. पुढे सभासद गळत गेले, संघटना एका मोठ्या संघात विलीन झाली आणि ते ऑफिस बंद पडलं.

सरकारी भरपाईतून नवी गुरं आणा, असं विमरबाईंना सगळे सांगत होते. त्यांनी एकही आणलं नाही. स्वरूपा भेटायला गेली, की वैरणीच्या वेळेला त्या बोलता बोलता उठायच्या, गोठ्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांगा." पुढच्या हिवाळ्यात बहिणीने त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथे त्या कुणाशीच बोलेनाशा झाल्या.

पुढे परदेशी पदवी जर्मनीत चालावी म्हणून परीक्षा देण्याची वाट निघाली. हृषिकेश उत्साहाने सांगत आला, "आल्झो, म्हणजे आता तू पुन्हा डॉक्टर!"

"नको रे," ती म्हणाली. "मी हात ठेवला की जनावर कुठेही चालत येतं."

ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसू लागली. अजून तिथेच आहे.