तक्रार काउंटरचे सुभेदार

गिऱ्हाईक ओरडायला लागलं की मॅनेजर लोकांना गोदामात काम निघतं, असा माझा अनुभव. सुभेदार मात्र केबिनमधून बाहेर यायचे. फौजेतून निवृत्त झालेले, वडूजचे सुभेदार आमच्या सांगलीच्या शोरूमचे मॅनेजर होते. तक्रार काउंटरवर माझ्या शेजारी उभे राहत आणि गिऱ्हाइकाला आधी खुर्ची देत. "बसा. उभ्या माणसाचा राग लवकर उतरत न्हाई," म्हणत.

पुण्याचं हेड ऑफिस आम्हाला आधार द्यायचं तो ई-मेलवरून. काउंटरच्या पोरींना बसायला स्टूल द्या, असं सुभेदारांनी कळवलं, तर उभं राहून ताण कसा घालवावा याचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं. आम्ही ते उभ्यानंच पाहिलं. पुढे 'कंपनी तुमच्या पाठीशी आहे असं वाटतं का?' अशी एक गुप्त पाहणी झाली. तिच्यात पहिला रकाना नावाचा होता. सुभेदारांनी नाव, जुना हुद्दा सगळं व्यवस्थित भरलं आणि खाली लिहिलं, 'नाही.'

मग एक दिवस गावातले एक पुढारी आले. वॉशिंग मशीन बंद पडलंय, वॉरंटीत नवं द्या म्हणाले. मेकॅनिकनं ड्रम उघडला तर आत किलोभर बेदाणे. साहेबांनी मशीनमध्ये बेदाणे धुतले होते.

"सदऱ्याच्या खिशात ऱ्हायलं असतील," ते म्हणाले.

माझी जीभ जरा लांबच. "एवढ्या खिशांचा सदरा शिवला कुणी?" मी विचारलं. सुभेदार तेव्हा आत फोनवर होते.

पुढाऱ्यांनी वरपर्यंत ओळखी लावल्या. संध्याकाळी पुण्याहून निरोप आला, त्या मुलीला काढा. वडील अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या पगारावर चाललेलं. सुभेदारांनी कागद ओढला आणि लिहून दिलं, 'तसं उत्तर द्यायला मीच सांगितलं होतं.'

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, हे खरं का? मी खाली मान घालून 'हो' म्हणाले. त्याची लाज मला अजून वाटते. आठवड्याभरात सुभेदारांना घरी बसवलं. पुढाऱ्यांना नवं मशीन मिळालं आणि आम्हाला 'आपण सारे एक कुटुंब' असं छापलेले चहाचे मग.

वर्षभरानं धीर करून मी वडूजला फोन केला, माफी मागितली.

"आगं, व्हय म्हण म्हणून मीच सांगितलं व्हतं की तुला," सुभेदार म्हणाले. "हुकूम पाळलास. आता रडायचं न्हाई."

असं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.