तोंडी सांगू नये

"हात ठेवा," ते म्हणायचे. "कान कशाला लावताय?"

पाण्याचा पंप असो, गिरणीची मोटर असो, की माझी बास गिटार असो, ते आधी त्यावर तळहात ठेवायचे. डोळे मिटणं, मान डोलावणं असले प्रकार नाहीत. बसची वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने रस्त्याकडे बघत राहायचे आणि मग निकाल द्यायचे. "बेअरिंग गेलंय." किंवा, "चांगली चालू आहे. उगाच आणलीत."

शनिवार पेठेत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. दारावर दोन पाट्या होत्या. एक, 'पंखा आणताना पाती आणू नयेत.' दुसरी, 'काय बिघडले ते कागदावर लिहून द्यावे. तोंडी सांगू नये.' पाटीखाली कागदाचे कपटे आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडे दुकानदार आधी बसायला सांगतो, चहा मागवतो, गावाकडची ख्यालीखुशाली विचारतो आणि मग पंख्याकडे वळतो. इथे तोंड उघडायचीच बंदी. गावाकडून कुणी पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचो आणि ती पाटी दाखवून हसवायचो. हे मी किती वेळा केलं, ते आता आठवू नये असं वाटतं.

तेव्हा मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नवा लागलो होतो. कंपनीने पहिल्यांदा परदेशी पाठवलं, तेव्हा बाकीच्यांनी येताना चॉकलेटं आणि अत्तरं आणली. मी बास गिटार आणली. चार जाड तारांची, मधाच्या रंगाची. पुण्यात आल्यावर तिने घुमायला सुरुवात केली. वाजवत नसतानाही एक बारीक घरघर. ऑफिसातला एक जण म्हणाला, "शनिवारात एक काका आहेत. मोटरी भरतात, पण पूर्वी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे." पाटीवाले तेच हे, हे मला दारात पोचल्यावर कळलं.

मी कपट्यावर लिहिलं, 'घूं असा आवाज येतो.'

त्यांनी वाचलं. "सारखा येतो, की तारांवरचा हात काढल्यावर?"

"हात काढल्यावर," मी म्हणालो. त्यांनी पेन्सिलीकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने लिहून दिलं.

"मग अर्थिंग सुटलंय. परदेशी असली म्हणून काय झालं, अर्थिंग तिलाही लागतं."

दहा मिनिटांत एक वायर डाग देऊन जोडली आणि घरघर थांबली. मग त्यांनी चपला काढल्या. गिटार मांडीवर घेतली, मान वाकवून तिच्या वरच्या लाकडी शिंगावर जबडा टेकवला आणि एकच सूर वाजवला. बाकाखाली त्यांनीच बांधलेला ॲम्प्लिफायर होता, पाण्याच्या पिंपाएवढा. फळीवरचा वार्निशचा डबा बोटभर पुढे सरकला. माझ्या पोटात काहीतरी खाली बसलं आणि तिथेच राहिलं. तीच गिटार मी चार महिने घरी वाजवत होतो, आणि तिच्यात एवढं काही आहे याचा मला पत्ता नव्हता.

त्यांची स्वतःची बास गिटार खुंटीवर टांगलेली असायची. बाहेरचं काहीच मिळत नव्हतं त्या काळात त्यांनी ती स्वतः केली होती. सागाचं अंग. तारांखाली जी कॉइल असते, जिला पिकअप म्हणतात, ती त्यांनी हाताने गुंडाळलेली, मोटरीच्या वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवलेली. तारा काळ्या पडलेल्या.

"तारा कधी बदलल्या होत्या?" मी लिहून विचारलं.

"मुलगी बालवाडीत होती तेव्हा."

मुलीच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता.

तुम्ही कुठल्याही छंदाची वेडी माणसं पाहिली असतील, तर पुढे काय झालं ते मी न सांगताही तुम्हाला कळेल. आमचा ग्रुप होता. ड्रमवाला, कीबोर्डवाला, एक गाणारी मुलगी आणि मी, सगळे एकाच कंपनीतले. वाजवायचो कमी, सामानावर बोलायचो जास्त. कुठला ॲम्प, कुठली तार, कुठल्या लाकडाचा आवाज उबदार. मी काकांची तीन रहस्यं शोधून काढली. जुन्या तारा, लाकडाला टेकवलेला जबडा आणि अनवाणी पाय. ती मी इंटरनेटवरच्या बासवाल्यांच्या चर्चेत सविस्तर लिहून टाकली. जगभरातून उत्तरं आली. घामाने मुरलेल्या तारेचा सूर कसा गोल होतो, यावर एकाने तीन परिच्छेद लिहिले. दुसऱ्याने नव्या तारा खोबरेल तेलात ठेवून पाहिल्या. आम्ही सगळे अनवाणी वाजवायला लागलो. मी जबडा टेकवायला लागलो आणि आठवड्याभरात मला तिथे पुरळ आलं.

काकांना हे सांगितलं, तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुरळावर हळद लावा."

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला अर्धा तास मिळाला, तेव्हा मी काकांना बोलवायचं ठरवलं. बास त्यांनी वाजवायचा, मी साध्या गिटारवर सरकायचं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. ऑर्केस्ट्रा का सुटला ते सांगितलं. कीबोर्ड आला आणि तो वाजवणाऱ्याचा डावा हात बास वाजवायला लागला. मालक म्हणाला, तुम्ही नुसते उभे राहा, गळ्यात गिटार असली की स्टेज भरलेलं दिसतं. त्यांची वायर कुठे जोडलेलीच नव्हती. पहिल्या गाण्याच्या मध्यात ते गिटार घेऊन स्टेजवरून उतरले, आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर पडले.

"मी येईन," ते म्हणाले. "पण मी वाजवणार. उभं राहायला बोलावू नका."

तालीम कात्रजला ड्रमवाल्याच्या मामांच्या गोदामात होती, वरच्या लाकडी माळ्यावर. पहिले दोन रविवार इतके छान गेले की आम्हाला आपण फार मोठे कलावंत आहोत असं वाटायला लागलं. ड्रम आणि बास एकाच माणसाने वाजवावेत असे जुळायचे. तिसऱ्या रविवारी कीबोर्डवाल्याने कॉम्प्युटर आणला. आता सगळ्यांनी हेडफोन लावायचे, त्यात टिक् टिक् असा ठेका येणार, आणि त्यावर सगळ्यांनी वाजवायचं. चार टिका झाल्या की सुरुवात.

काकांनी हेडफोन लावले. चार टिका झाल्या. आम्ही सुरू केलं, काका नाही. ड्रम सुरू झाल्यावर ते मागून आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं.

कीबोर्डवाला त्यांच्या मागे बसला होता. "काका, टिक येतेय ना?" उत्तर नाही. "काका!" उत्तर नाही. ते शांतपणे समोर ड्रमवाल्याच्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले, आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"येत नाही," ते म्हणाले. "वीसेक वर्षं झाली. आधी झांज गेली, मग बायकांचे आवाज, मग पुरुषांचे. आता तोंडाकडे बघून कळतं तेवढंच."

खाली टेम्पोत माल चढवत होते, ते धपाधप ऐकू येत होतं.

"ड्रमच्या पायाचा ठोका तळव्यात येतो. माझा सूर जबड्यात येतो. तेवढं मला पुरतं."

"आणि तारा?" ड्रमवाल्याने विचारलं.

"नव्या तारांची चमक मला येतच नाही. मग बदलायच्या कुणासाठी?"

मला ती पाटी आठवली. पुणेरी खवचटपणा म्हणून मी सगळ्या नातेवाइकांना दाखवलेली. मला माझीच लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

कीबोर्डवाला वाईट मुलगा नव्हता. त्याला दया आली, एवढंच. तो पुढे येऊन त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काका, नो प्रॉब्लेम. बास आपण कॉम्प्युटरमध्ये टाकू. तुम्ही फक्त स्टेजवर असा, प्लीज. लोकांना तुमची स्टोरी आवडेल."

"जरा सावकाश बोला," काका म्हणाले, "म्हणजे नीट नकार देता येईल."

त्याने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.

"नाही," काका म्हणाले. "मी बहिरा आहे, पुतळा नाही. वाजवेन, नाहीतर घरी बसेन." त्यांनी गिटार पिशवीत घातली, पायांत चपला सरकवल्या आणि स्वारगेटची बस पकडायला निघून गेले.

मी त्या वेळी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन कपट्यावर लिहिलं, 'कानाचं यंत्र का लावत नाही?' त्यांनी खण उघडला. मोटरीच्या कार्बन ब्रशांच्या डबीत यंत्र पडलं होतं.

"मुलीने आणलंय. त्यात पंखे फार मोठ्याने ऐकू येतात. पंखे मी दिवसभर बघतो. आणि बास येतो तो पत्र्याच्या डब्यासारखा. आहे तो चांगला आहे, तो कशाला घालवू?"

त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं. कीबोर्डवाल्याचं म्हणणं, सगळ्या साहेबांसमोर गाणं कोसळलं तर काय? मी म्हणालो, "काका वाजवणार नसतील, तर मीही येणार नाही." आयुष्यात इतकं ठामपणे मी पहिल्यांदाच बोलत होतो, आणि तेही एक दिवस उशिरा. ड्रमवाला म्हणाला की त्याला टिकेपेक्षा काकांबरोबर वाजवणं सोपं जातं. गाणारी मुलगी म्हणाली, हेडफोनने तिचे केस विस्कटतात. मतदान झालं आणि टिक हरली.

मी काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "तिथली जमीन कसली आहे?"

हॉलमध्ये जमीन सिमेंटची होती, वर जाड गालिचा. त्यात ड्रमचा पाय मुरून जाणार. काका मान हलवून म्हणाले, "फळी मी आणतो."

कार्यक्रमाच्या दुपारी एक टेम्पो कंपनीच्या गेटवर आला. मागे घरच्या दिवाणाचं प्लायवुड, आणि ते धरून बसलेले काका. काकू त्या दिवशी कशावर बसल्या कोण जाणे. आम्ही ते प्लायवुड दोन पट्ट्यांवर असं टाकलं की खाली पोकळी राहिली. एका टोकाला ड्रम, दुसऱ्या टोकाला काकांची जागा. ड्रमवाल्याने पायाने एक ठोका दिला. काकांनी खाली न बघता म्हटलं, "आला."

तेवढ्यात कार्यक्रमाचं बघणारा तरुण धावत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. "सर, ये नहीं चलेगा. लुक खराब होतोय. बॅकड्रॉप बघा ना, आणि हे काय प्लायवुड!"

काकांनी शर्टाच्या खिशातून एक कपटा आणि पेन्सिलीचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.

"लिहून द्या," ते म्हणाले. "तोंडी नको."

त्याने सवयीने पेन्सिल घेतली.

"फळी काढा, असं लिहा. कारण लिहा. खाली तुमचं नाव लिहा."

तो पेन्सिल धरून उभा राहिला. कपट्याकडे बघितलं, काकांच्या अनवाणी पायांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. तोंडाने भराभर म्हणता येतं ते कागदावर उतरवणं भलतंच अवघड असतं. शेवटी त्याने दोन्ही वस्तू परत केल्या आणि वॉकीटॉकीत काहीतरी बोलत निघून गेला.

आम्ही पाच गाणी वाजवली. हेडफोन कुणीच लावले नाहीत. ड्रमवाला काकांच्या डाव्या पायाकडे बघत होता आणि काका ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडे. दुसऱ्या गाण्यात काका एकदा चुकले. आपण चुकलो हे त्यांना ड्रमवाल्याच्या तोंडावरून कळलं, आणि पुढच्या सुरावर ते परत जागेवर होते. माझ्या त्या दिवशी चार चुका झाल्या, आणि माझे कान शाबूत आहेत. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी खुर्चीच्या हातावर तळहात पालथा ठेवला होता आणि त्या त्याच्याकडेच बघत होत्या. तिसऱ्या गाण्याच्या आधी कीबोर्डवाल्याने बूट काढून पायाने मागे सारले. तो फळीवर नव्हता, त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी त्याने काढले.

त्यानंतर काही वर्षं काका आमच्याबरोबर त्याच फळीवर वाजवत राहिले. ते गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. शोकसभेत एका गृहस्थांनी भाषण केलं. बहिरे असूनही कसे वाजवायचे, कसा आदर्श ठेवला, वगैरे. मला उठून त्यांचा माईक काढून घ्यावासा वाटला. ते चांगलं वाजवायचे, हे वाक्य तिथे पूर्णविराम देऊन कुणालाच म्हणता येईना. मी रडलो ते त्या रागाने, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

दुकान आता नाही. त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. सागाची गिटार मुलीने नेली. बाराव्या-तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं प्लायवुड दाखवलं.

"हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

"मला?"

"म्हणाले, इंजिनिअरला द्या. त्याला ऐकू येतं, म्हणून तो नीट ऐकत नाही."

प्लायवुडच्या एका टोकाला दोन जागा गुळगुळीत आणि काळपट झाल्या आहेत. माझे पाय त्यांच्यापेक्षा मोठे आहेत, दोन्हीकडून बाहेर येतात. पण ड्रमचा पाय येतो. नीट उभं राहिलं, तर खरंच येतो.

अजूनही आम्ही वर्षातून दोन-तीन ठिकाणी वाजवतो. प्रत्येक ठिकाणी टेम्पोतून फळी उतरली की कुणीतरी ओळखपत्रवाला धावत येतो आणि म्हणतो, सर, हे नाही चालणार. मी चपला काढतो. खिशातून कपटा आणि पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरतो.

"लिहून द्या," मी म्हणतो. "खाली नावही लिहा."

आजवर कुणी लिहून दिलेलं नाही.