मुंडावळ्यांचा फोटो

आमच्या खोल्यांमध्ये एकटा राहणारा, आणि तरीही सगळ्यांनी ज्याला ‘फॅमिली’ म्हणून हाक मारावी, असा एकच माणूस होऊन गेला. बिहारकडचा वेल्डर. नाव सुखदेव, पण ते फक्त आधार कार्डावर. बायकोला तो कधी बायको म्हणायचा नाही, मुलीचंही नाव घ्यायचा नाही. दोघींना मिळून एकच शब्द. ‘वैनी, दिवाली के बाद फॅमिली आयेगी.’ दिवाळी गेली की होळी. शेवटी खोल्यांतली पोरंच त्याला ‘ए फॅमिली, पानी भर’ म्हणायला लागली आणि तोही निमूट ओ द्यायचा.

शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. शेजारी कारखाने आले तसं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, कांद्याचं वावर मोडून पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी उठवल्या. एक बॅचलरांची, एक फॅमिलीवाल्यांची. बॅचलर एका खोलीत सहा-सात जण झोपतात आणि भाडं माणशी घेता येतं. बायकामुलांचं बिऱ्हाड आलं की खोलीचं एकच भाडं. आप्पांना फॅमिलीवाले नकोसे का, ते यावरून समजा. मी थोरली सून. खोल्यांच्या किल्ल्या आणि पाण्याची मोटर माझ्याकडे, म्हणून या माणसाशी माझा रोजचा संबंध.

त्याची एक खोड मला फार आवडायची. कुठलीही गोष्ट तो आधी फॅमिलीसाठी चाखून बघायचा. बोअरचं पाणी प्याला की म्हणायचा, ‘थोडा खारा है. फॅमिली को आदत पड जायेगी.’ गिरणीतून पीठ आणलं की चिमूटभर तोंडात. एकदा भर उन्हाळ्यात, दुपारी, फॅमिलीच्या ओळीतली मोकळी खोली उघडून मागितली आणि आत दार लावून बसला. मला वाटलं, याला ऊन लागलं की काय. बऱ्याच वेळानं घामानं निथळत बाहेर आला आणि म्हणाला, ‘पत्रे पे गीली बोरी डालेगा तो लडकी सो सकती है वैनी.’ माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या ह्यांनी मला कधी उकडतंय का म्हणून विचारलेलं नाही.

शाळेतही जाऊन आला. मराठी न येणारी मुलगी घेतात का, असं गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, आणा की, शिकेल खेळता खेळता. त्या संध्याकाळी यानं सगळ्या बॅचलरांना भजी खायला घातली.

आप्पांच्या अटी आधी तीनच होत्या: दोघांचं आधार, गावाकडच्या मुखियाचं पत्र आणि इथला एक जामीन. चौथी आमच्याच घरातून निघाली. माझा धाकटा दीर इंग्लंडात नोकरीला. लग्न करून गेला, आणि बायकोला तिकडं न्यायचं म्हटल्यावर तिथल्या व्हिसाच्या ऑफिसानं पुरावा मागितला, लग्न खरं कशावरून? फोटो पाठवा. आप्पांचा पारा चढला. ‘समदा तालुका जेवून गेला माझ्या दारात, आन् ह्यो कोण टिकोजीराव इचारणार, लगीन खरं का खोटं?’ आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी अपमान गिळून अल्बम पाठवला. आणि लगेच तीच अट आपल्या खोल्यांना लावली. लग्नाचा फोटो दाखवल्याशिवाय फॅमिलीची खोली नाही. ‘सायबाच्या देशात चालतं, तर हितं का न्हाई?’ त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

मुखियाचं पत्र शिक्क्यासकट आलं. जामीन काही मिळेना. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, कंत्राटी पोराला आज ना उद्या ब्रेक मिळणार, कामावरून काढणार, त्याची हमी मी कशाला घेऊ. मी म्हटलं, मी राहते जामीन. आप्पा हसले. ‘घरची सून घरालाच जामीन? उद्या त्यो पळाला तर तुझ्याकडनं वसूल करू व्हय?’ अखेर चौकातला चहावाला तयार झाला. आता आप्पांची फोटोची तेवढी अट उरली. म्हणाले, ‘फोटो आन आन् किल्ली घिऊन जा.’ यानं त्यातलं किल्लीचं तेवढं ऐकलं असावं. त्याच दिवशी गावी फोन केला आणि दोघींना निघायला सांगितलं.

फोटो नव्हताच. ‘शादी में लाईट नहीं था वैनी, फोटोवाला कहाँ से आता.’ पण गडी घाबरला नव्हता. शिरूरच्या एका स्टुडिओत गेला. व्हिडिओ कॉलवर दिसणारा बायकोचा चेहरा आणि याचा चेहरा, दोन्ही स्टुडिओवाल्यानं आपल्याकडच्या नवरा-नवरीच्या तयार फोटोवर बसवले. फोटो बघून मला हसावं का रडावं कळेना. याला फेटा, तिला पिवळा शालू, आणि दोघांच्या कपाळाला मोत्यांच्या मुंडावळ्या. वर मला कौतुकानं सांगतो, ‘वो पूछा, सादा बनाऊँ? मैं बोला नहीं, मराठी बनाओ. आप्पा को अच्छा लगेगा.’ मी म्हटलं, अरे बाबा, हा दाखवू नकोस, मी बोलते त्यांच्याशी. पण तेवढ्यात आप्पाच ओट्यावर येऊन बसले आणि हा हौसेनं पुढं झाला.

आप्पांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

‘बिहारात मुंडावळ्या बांधत्यात व्हय रे?’

यानं खरं ते सांगून टाकलं. ‘फोटो बनाया है आप्पा. शादी असली है.’

‘फोटो खोटा, म्हंजी बाईबी खोटीच. कुनाची बाई आनून ठिवतोस माझ्या खोलीत?’

सगळी पोरं ऐकत उभी होती. त्याचा चेहरा पडला. त्या दोघी गाडीत बसल्यात, उद्या दौंडला उतरतील, एवढंच त्यानं सांगितलं. ‘मग तितंच ठिव,’ आप्पा म्हणाले आणि आत आले. मी भांडले त्यांच्याशी. या घरात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. तुमच्या लेकाला हेच विचारलं तेव्हा तुम्हाला किती लागलं होतं, म्हणून तोंडावर विचारलं. ‘त्या बिहाऱ्याचा आन् आमचा काय संबंध,’ म्हणाले. आमचे हे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. आप्पांनी त्या खोलीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि आपल्या खिशात घातली.

दुसरीकडं खोली बघायला तो गावभर हिंडला. आप्पांचा शब्द त्याच्या आधी पोचलेला. बनावट फोटो आणतो, बाई कोण कुठली. कुणी खोली दाखवायलाही उठलं नाही. दौंडला रेल्वे लाइनीच्या कडेला त्याच्या गावचा एक जण राहायचा, त्याच्याकडं दोघींना ठेवलं. पण तिथून आमच्या गावापर्यंत रोज यायचं, बारा तास वेल्डिंग करायचं आणि परत जायचं, हे जमणार कसं? खाडे पडले, कंत्राटदारानं त्याची जागा दुसऱ्याला दिली. मग मला फोन आला. ‘वैनी, गाँव जा रहा हूँ. अब नहीं आऊँगा.’ केडगावला माहेरी जाते असं घरी सांगून मी निघाले आणि केडगावहून रेल्वेनं दौंड गाठलं.

तो प्लॅटफॉर्मवर पिशव्यांशेजारी बसला होता. जवळ डोक्यावरून पदर घेतलेली लहानखुरी बाई, तिच्या मांडीवर मुलगी झोपलेली. त्या मुलीचं नाव गुड्डी, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घराच्या वतीनं माफी मागायची, एवढं ठरवून आले होते. पण मला बघताच तो उठला आणि मी तोंड उघडायच्या आत बायकोला सांगायला लागला, ‘यही वैनी हैं. कमरा इन्होंने कब से तैयार रखा था. कंपनी ही बंद हो गया, तो ये लोग क्या करें.’ आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं एक शब्द बोलू नये.

गाडी लागली. तिनं मुलीला त्याच्या खांद्यावर दिलं, खाली वाकली आणि त्या प्लॅटफॉर्मवर माझ्या पायांना कपाळ टेकवलं. म्हणाली, ‘हमारे कारण आप लोगों को बहुत तकलीफ हुआ, दीदी.’