पुढे केलेलं कपाळ

गेल्या शुक्रवारी रत्नागिरीत, भरल्या हॉलमध्ये, मी एका बाईंचा अपमान केला. आणि तो कोणाच्या लक्षातसुद्धा आला नाही... टाळ्या चालूच होत्या.

आमच्या महिला मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पाहुण्या म्हणून हिंदी सिनेमातल्या एक ज्येष्ठ अभिनेत्री आल्या होत्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, पण चेहरा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्या मूळच्या हेदवीकडच्या, म्हणून मंडळाला कोण अभिमान!

परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माइक दिसला की मला राहवत नाही. सगळं रंगवून सांगितलं: सातव्या वर्षी त्या वडिलांबरोबर मुंबईला गेल्या, सोळाव्या वर्षी नाचणाऱ्या मुलींच्या अगदी शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. दोन सिनेमांत नायिका झाल्या, दोन्ही आपटले. मग हिरोची बहीण, मग वहिनी... आणि पस्तिशीतच स्वतःपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या हिरोची विधवा आई! पुढची तीस वर्षं पांढरी साडी आणि शिलाई मशीन. हॉल हसून लोटपोट, त्याही हसत होत्या.

त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. ते माझ्या टिपणात होतं, पण मी वाचलं नाही. सणाच्या दिवशी कशाला, असा विचार केला.

मग स्टेजवरच्या पाच जणींना हळदीकुंकू. तबक माझ्याच हातात. पहिल्या तिघींना लावलं आणि पाहुण्या बाईंसमोर आले. त्यांनी डोळे मिटले, कपाळ जरासं पुढे केलं...

माझं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते तिथेच थांबलं. मी घाईघाईने त्यांच्या हाताला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, ओंजळीत भिजवलेले हरभरे घातले आणि पाचवीकडे वळले. त्यांनी डोळे उघडले. पदर सारखा केला.

आता खरी लाज पुढेच आहे. मागच्या वर्षी याच वॉलवर, विधवांना हळदीकुंकवातून वगळतात म्हणून मीच लांबलचक पोस्ट लिहिली होती. 'कधी सुधारणार आपण?' असा शेवट केला होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ती शेअर केली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

कार्यक्रम संपल्यावर आंबेडाळ खाता खाता त्यांनी विचारलं, ही कोणी केली? माझ्या सासूबाईंनी, मी म्हटलं. मग त्यांना भेटल्याशिवाय मी जायची नाही, म्हणाल्या. घर पाच मिनिटांवर. वाटेत मी त्यांच्याकडे बघूही शकत नव्हते.

घरी आल्या त्या हॉलमध्ये बसल्याच नाहीत, थेट स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई डाळीचं मोठं पातेलं घासत होत्या. मी त्यांना आईच म्हणते. दोघी साधारण एकाच वयाच्या. पाच मिनिटांत अशा बोलायला लागल्या की जणू शेजारणी... कैरी किती घातली, हेदवीला आता कोण कोण राहिलंय, सगळं.

मला काही सुचेना. देवघरातली कुंकवाची कोयरी उचलली आणि पाहुण्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. मघाशी चुकलं माझं, एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं.

"अगो, रडतेस काय? सिनेमात मी किती वेळा विधवा झाले त्याची गणती नाही," त्या म्हणाल्या. "दर वेळी कुंकू पुसायचं. शॉट संपला की हेअरड्रेसर मावशी यायच्या, मी डोळे मिटून कपाळ पुढे करायची, त्या टिकली परत लावायच्या. सवयच लागली ती. मघाशीही तसंच केलं बघ..."

मी बोट पुढे केलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं राहू दे. ह्यांना लावलंयस कधी?"

आई पातेलं घासायच्या थांबल्या. मला खरंच कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर चैत्रात आई पहाटे उठून सगळ्या मंडळासाठी डाळ करतात, डबे भरतात आणि मी पैठणी नेसून ते घेऊन निघते. 'तुम्हीही चला' असं एकदाही म्हटलं नाही मी. ती पोस्ट लिहीत होते तेव्हाही त्या आत कैऱ्या किसत होत्या... किसणीचा आवाज येत होता मला.

"मला कशाला गो आता ते?" म्हणत आई मागे सरकल्या. ओटा पाठीला लागला. मग हात पदराला पुसले, डोळे मिटले आणि त्यांनीही कपाळ जरासं पुढे केलं.

मी बोट टेकवलं, थोडं कुंकू नाकावर सांडलं. मग त्या दुसऱ्या कपाळाला लावलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आईंनी डोळे पुसले आणि दर वर्षी मी परत आल्यावर विचारतात तेच विचारलं, "डाळ पुरली ना गो सगळ्यांना?"

पुरली, म्हटलं.

तेव्हा कमेंटमध्ये 'छान केलंत' वगैरे लिहू नका, हात जोडून सांगते. मागच्या वर्षीची पोस्ट काढून टाकणार होते, पण राहू दे तिथेच. एका पाहुण्या बाईंनी येऊन दाखवावं लागलं मला... ते कपाळ नऊ वर्षं माझ्याच घरात होतं.