आईला बसवून ठेवलं

आमच्या कोपरगाव भागात आईबापाला सांभाळणं म्हणजे त्यांना बसवून ठेवणं. म्हातारं माणूस कामाला हात लावताना दिसलं, की लोक आधी मुलाकडे बघतात. मी साखर कारखान्यात कामाला, चार लोकांत ऊठबस. त्यामुळे वडील गेल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की आईच्या हातून सगळी कामं काढून घेतली. रोज सकाळी ती किटली घेऊन डेअरीवर दूध घालायला चालत जायची, ते बंद केलं. गाय विकली, तीसुद्धा तिला न विचारता. भाकरी थापायला बसली, तर मी बायकोकडे डोळे वटारायचो.

गावानं कौतुक केलं. पारावर कुणीतरी म्हणालं, "आईला राणीवानी ठेवलंय पोरानं." मी फुगलो. हे ऐकण्यासाठीच मी ते सगळं केलं असावं, असं आता मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

मग आई न्हाणीत तोल जाऊन पडली. हाड शाबूत राहिलं, पण तेव्हापासून ती भिंत धरूनच चालायला लागली. गावच्या आरोग्य उपकेंद्रात दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांना बोलावतात. बीपी, शुगर बघतात, मग सिस्टर त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे मी आईला नेलं. उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी मोटारसायकलवर बसवून नेलं. आईला पायी नेतो असं कुणी म्हणायला नको.

सिस्टरांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि हात छातीशी धरून उठायला सांगितलं. अजूनही खुरपायला जाणाऱ्या म्हाताऱ्या खिदळत उठल्या. त्यातली एक आईपेक्षा चांगलीच थोरली. आई नवी नवरी म्हणून गावात आली, तेव्हा पाणी कुठे भरायचं ते तिनंच दाखवलेलं. तीही उठली. आई जागची हलेना. तिनं पुन्हा जोर केला, मग हसून इकडेतिकडे पाहिलं, जणू गंमतच चाललीय.

"मावशी, घरी काय काय करता?" सिस्टरांनी विचारलं.

"काईच न्हाई बाई," आई अभिमानानं म्हणाली. "माझा पोरगा मला काडी उचलू देत न्हाई."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "दादा, बसून बसून पायातली ताकद गेलीय त्यांच्या. अजून येईल. पण त्यांना करू द्या."

मला भयंकर राग आला. आधी सिस्टरांचा, मग पारावरच्या लोकांचा. घरी येईपर्यंत तो सगळा माझ्याच वाट्याला आला. आईचे पाय वयानं गेले नव्हते, ते मी घालवले होते.

संध्याकाळी आई पलंगावर बसली होती. काय बोलायचं याची मी मनात बरीच जुळवाजुळव केली, पण तोंडातून निघालं ते कोरडंच.

"आई, उद्यापासून घरातलं थोडं थोडं काम तू करत जा. केर काढ, भाजी निवड."

मला वाटलं, ती खूश होईल. तिनं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पदर सारखा करून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सूनबाई काई बोलली का रे? मी जड झाले का तुमाला?"

मी नाही म्हणालो. शपथ घेतली, सिस्टरांनी सांगितलेलं समजावलं. ती मान डोलवत राहिली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. सकाळी मी उठलो तेव्हा तिनं भिंतीला धरून धरून सगळं घर झाडून काढलं होतं. घामानं डबडबली होती. मला बघून म्हणाली, "झालं सगळं. आता चहा घेऊ का?"