मामाचा खोटा बस्ता

पगार वाढवून मिळावा म्हणून मी माझ्या सख्ख्या मामाला खोटं गिऱ्हाईक बनवून दुकानात आणलं. झालं, सांगून टाकलं. आजवर हे पुरतं कुणालाच बोललो नाही — म्हणजे यातलं अर्धं मामाला ठाऊक आहे, पण ते हसण्यासारखं अर्धं. उरलेलं फक्त मला. आणि आता तुम्हाला.

जालन्यात एका कापड दुकानात मी साड्या दाखवायला होतो. तीन वर्षं त्याच पगारावर. शेठजींसमोर जाऊन 'पगार वाढवा' म्हणायचं — दोन शब्दांचं काम. दोनदा गेलो. एकदा पंखा नीट चालत नाही असं सांगून परत आलो, दुसऱ्यांदा नुसतं पाणी पिऊन. मग डोकं चालवलं. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे सगळ्या मंडळींचे कपडे एका बैठकीत घ्यायला, गाडी भरून माणसं येतात. अशी गाडी ज्या नोकराचं नाव विचारत येते, त्याला शेठजी नाही कसे म्हणतील?

राजूरचा मामा अकरा माणसं घेऊन जीपमधून उतरला. दोघं-तिघं आली तर बस्ता वाटणार नाही, हे त्याचंच डोकं. लग्न कुणाचं? त्याच्या पोराचं — जो तेव्हा सातवीत होता. दारातूनच ओरडला, "गजाननभाऊ कुठं हायेत? आमचा बस्ता बांधतील तर तेच, दुसरं कोणी बिलकुल न्हाई!"

गजानन म्हणजे मी. शेठजींनी चहा मागवला.

दोन तास मी साड्या उलगडत राहिलो. शेजारी कमलताई घड्या घालत होत्या. त्या माझ्याआधीपासून तिथं. त्यांनीही त्याच आठवड्यात पगाराचं विचारलं होतं — सरळ, उभ्या उभ्या, मामा वगैरे न आणता. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. शेठजी 'बघतो' म्हणाले होते. कमलताईंनी मामीला पाणी दिलं, पदर खांद्यावर टाकून दाखवला. मामी तर लग्न खोटं आहे हेच विसरली, एका मोरपंखी साडीला धरून बसली. मामाने तिला हाताला धरून उठवलं. "मुहूर्त पाहून येतो," म्हणाला, आणि जीप गेली.

शेठजींनी मला बोलावलं. एवढं गिऱ्हाईक हातचं गेलं कसं?

काय सांगायचं होतं मला? भाव पटला नाही. रंग आवडला नाही. काहीही चाललं असतं — नाही का? मी म्हणालो, हळूच म्हणालो, "कमलताई जरा तुटक बोलल्या त्यांना."

एवढंच.

पुढच्या महिन्यात माझा पगार वाढला — माझ्या नावाने गावाकडून गाड्या येतात ना! कमलताईंचा वाढला नाही. का नाही, हे शेठजींनी त्यांना सांगितलं नाही. म्हणून त्यांनी विचारलं, आणि विचारलं कुणाला, तर मला. "माझं काय चुकलं असंल हो भाऊ?" मी म्हणालो, शेठजींचा मूड नसेल. त्यांची मुलगी ते वर्ष घरी बसली. पुढच्या वर्षी कमलताईंनी कानातले मोडले आणि तिला नर्सिंगला घातलं. मी मधल्या काळात काय केलं? पगारवाढीचे पेढे वाटले. कमलताईंना दोन दिले. दोन!

मामा हा किस्सा दर लग्नात सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. जीप निघाली की त्याचा किस्सा संपतो. त्यापुढचं मी कधी जोडलं नाही.

आम्ही दोघंही अजून त्याच दुकानात आहोत. परवा अंबडकडचा एक बस्ता आला — खरा. साड्यांचा ढीग पडला, मंडळी जेवायला गेली. ढिगापाशी आम्ही दोघंच. आज बोलायचंच, असं ठरवून मी एक साडी घडी घालायला घेतली. काठाला काठ जुळेना.

कमलताईंनी साडी माझ्या हातातून ओढून घेतली.

"राहू द्या, भाऊ. तुम्हाला नुसता पसारा करता येतो. आवरायचं मंग आम्हीच."